इंचाला एक वर्ष

चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
लोखंडाशी माझं पटायचं.
आकडा सांगायचा, ते तेवढं व्हायचं,
केसाचाही फरक नाही.

म्हणून परसातला फणस पडला तेव्हा
(पडला म्हणजे पाडला. शेजारी पाटणकरांच्या पत्र्यावर कलला होता,
महापालिकेचा कागद यायला सात आठवडे,
करवत यायला अर्धा दिवस)
मला वाटलं, लाकूड ते काय, मऊच की.

जळणवाला आला. ओंडक्याला लाथ घालून म्हणाला,
"अठराशे देतो. उचलायचं माझ्याकडं."
शालन काहीच बोलली नाही,
पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत बसली.
मी म्हणालो, विकायचा नाही.
का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

टिंबर मार्केटात आरा मशीनवर
इलाही मुल्ला ओंडक्याभोवती दोनदा फिरला,
नखानं साल खरवडून वास घेतला.
"घरचं झाड?"
"घरचं."
"मग खिळा असणार. घरच्या झाडात असतोयच."
आणि नवं पातं उतरवून जुनं चढवलं.

पहिली फळी सुटली.
आत हळद. ओली, नुकती वाटलेली,
एवढी पिवळी की दोघंही गप्प झालो.
भुस्सा त्याच्या मिशीवर, माझ्या खिशात, चहाच्या कपात.

तिसऱ्या फळीला आरा किंचाळला.
तो आवाज मी झोपेतही ओळखीन,
लोखंडाला लोखंड लागल्याचा.

खिळा नव्हता. हूक होता,
पाव इंची, आटे पाडलेला, माझ्याच हातचा.
कशाला ठोकला होता? पाळण्याला? दोरीला?
शालनला फोन लावला.
"रेडिओची तार हो. सांगली स्टेशन लागत नव्हतं."
झाडानं तो गिळला होता,
वरनं साल ओढून घेतली होती,
आणि चाळीसेक वर्षं आतल्या आत त्याच्याभोवती
निळंकाळं वर्तुळ काढत बसलं होतं,
वहीवर शाई सांडून पसरावी तसं.

इलाही पात्याचे पैसे घेईना.
"दोनच दात गेले. माझे तर बारा गेल्यात."

जिन्याखाली विटांवर फळ्या रचल्या.
फळी, पट्टी, फळी, पट्टी, मधनं वारा जाईल असं.
टोकांना गेटचा उरलेला रंग,
वर वजनाला लेथचा मोडका चक.
"किती दिवस हे?"
"इंचाला एक वर्ष."
"आणि मी धुण्याचं मशीन कुठं ठेवू?"

रोज व्हर्नियर घेऊन जिन्याखाली वाकायचो.
लोखंड एकदा मोजलं की झालं.
हे मार्चात एक बोलायचं, जुलैत दुसरं,
आणि दोन्ही वेळा खरंच.
एक फळी होडीसारखी वळली.
एक मधोमध तडकली, रात्री,
शालनला वाटलं चोर आला.

रंधा धरायला शिकलो अडुसष्टाव्या वर्षी.
पहिला पाट डुगडुगतो, पाहुण्यांना देत नाही.
दुसऱ्याचं काय झालं ते सांगत नाही.
मग एक टेबल, त्याला एक ड्रॉवर,
ड्रॉवरच्या तोंडावर तेच निळंकाळं वर्तुळ.
दौलू सुतार म्हणाला, डाग आहे, कापून टाका.
ऐकून घेतलं. ठेवलं.
हूक मात्र शालननं मच्छरदाणीला लावला.

आता आषाढ. ड्रॉवर अडलाय.
बाहेरून मोजलं, दीड मिलिमीटर फुगलाय.
पटाशी उचलली,
थोडं घासलं की निघेल,
मग परत ठेवली.

दारात लाईटबिलाचा माणूस उभा,
म्हणतोय, भरलंय तर पावती दाखवा.
पावती आत.
शालन हात पुसत बाहेर आली, त्याला म्हणाली,
"झाडानं धरून ठेवलीय बाबा.
दसऱ्यानंतर ये. तोवर सोडेल."